चिंचवडचा वाडा आणि पिंपरीची शेड

जुन्या शहराच्या दाटीत उभी राहिलेली आधुनिकतावादी व्यापारी इमारत हा स्थापत्येतिहासातील एक सुपरिचित विषय आहे आणि महाराष्ट्रात त्याचे उदाहरण शोधू लागल्यास नजर सहसा मुंबईच्या फोर्ट भागाकडे जाते. तेथे १९३० च्या दशकाच्या मध्यात न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या विमा कंपनीसाठी मास्टर, साठे आणि भुता या वास्तुविशारदांनी जी इमारत बांधली, तिच्या आजूबाजूला दगडी कमानींच्या, कौलारू उतारांच्या आणि मनोऱ्यांच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती होत्या. १८६० च्या दशकात किल्ल्याचा तट पाडल्यानंतर मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर त्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि नव्या इमारतीला त्यांच्याच रांगेत, त्यांच्याच रस्त्यावर, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचे होते. त्यामुळे सळईबंद काँक्रीटच्या उभ्या पट्ट्यांनी बांधलेला तिचा दर्शनी भाग आणि त्यावर एन. जी. पानसरे यांनी कोरलेल्या शेतकरी, कारागीर यांच्या भव्य आकृती हे सारे शेजाऱ्यांना दिलेले उत्तर म्हणून वाचता येते. रस्ता आधी होता, इमारत नंतर आली.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात हा क्रम उलटा आहे. तेथे आधुनिक इमारत आधी आली, तीही कारखान्याच्या रूपाने, आणि शहर तिच्यामागून, तिच्या गरजेपोटी, तिच्या कुंपणाला टेकत वाढले. जुने स्थापत्य तेथे नव्हते असे नाही, कारण चिंचवडगावात मोरया गोसावींचे समाधीमंदिर आणि मंगलमूर्तींचा वाडा शतकांपासून उभे होते. मात्र नवी इमारत त्यांच्या शेजारी न बसता लोहमार्ग आणि महामार्ग यांच्या कडेच्या शेतजमिनीत बसली. म्हणून या प्रदेशात वाडा आणि शेड यांची गाठ रस्त्याच्या दर्शनी रेषेवर पडली नाही. ती पडली खोल्यांच्या भाड्यात, पाण्याच्या वाटपात, भोंग्याच्या वेळेत, आणि तिचा इतिहास नकाशांइतकाच या गोष्टींतून वाचावा लागतो.

चिंचवड हे पवना नदीच्या काठचे देवस्थानाचे गाव होय. गाणपत्य संप्रदायात, म्हणजे गणपतीला परब्रह्म मानणाऱ्या परंपरेत, मोरगावनंतर चिंचवडचे नाव येते ते मोरया गोसावींमुळे. त्यांच्या समाधीवरील मंदिर सतराव्या शतकाच्या मध्यास, त्यांचे वंशज चिंतामणी महाराज देव यांच्या काळात बांधले गेले. देव घराण्याला आणि संस्थानाला शिवकाळापासून पेशवाईपर्यंत सनदा, इनामे मिळत गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडवर्ड मूर, मारिया ग्रॅहम यांसारखे इंग्रज प्रवासीही या स्थानाविषयीच्या कुतूहलाने येथे येऊन गेले. परंपरेनुसार कऱ्हा नदीत मोरया गोसावींना मिळालेली मूर्ती ज्या वास्तूत ठेवलेली आहे तो मंगलमूर्ती वाडा. भाद्रपद आणि माघ महिन्यांत या मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते, म्हणजे या गावाचे वर्ष कारखाने येण्याच्या फार आधीपासून एका ठरलेल्या वेळापत्रकावर चालत होते.

वाडा या वास्तुप्रकाराची मोजणी खणांत होत असे. खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा, आणि त्याची लांबी ठरे ती वर आडव्या टाकायच्या तुळईवर, अर्थात जंगलातून मिळणाऱ्या सागाच्या ओंडक्यावर. घर लहान की मोठे हे ते किती खणांचे यावरून सांगितले जाई. खाली घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर विटांच्या आणि चुन्याच्या जाड भिंती, मोठ्या दरवाजात माणसापुरती उघडणारी दिंडी, आत देवडी, मग चौक आणि चौकाभोवती ओसरी, सोपा, माजघर असा हा क्रम असे. उजेड आणि वारा दोन्ही चौकातून येत, बाहेरच्या बाजूला भिंती बहुतांशी बंदच राहत. मावळाकडील पावसाच्या मानाने छपरे उतरती, कौलारू असत. पूर्वेकडे, पाऊस कमी होत जाई तसतशी, पांढऱ्या मातीची सपाट माळवदे दिसू लागत. चिंचवड या दोन हवामानांच्या मधल्या पट्ट्यात येते. ही बाब पुढे सपाट काँक्रीट छपरांच्या संदर्भात ध्यानात ठेवावी लागेल.

या गावाच्या आणि बाहेरच्या जगाच्या मधले पहिले आधुनिक बांधकाम म्हणजे लोहमार्ग. खंडाळा ते पुणे हा टप्पा १४ जून १८५८ रोजी सुरू झाला आणि चिंचवडला स्थानक मिळाले. पुढे १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण झाल्यावर मुंबईशी अखंड रेल्वे जोडणी झाली. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळा कारखाना उभा राहिला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्करी सामग्रीचे मोठे कोठार झाले आणि फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची छावणी वसली. म्हणजे स्वातंत्र्याच्या सुमारास चिंचवडच्या दोन्ही बाजूंना सरकारी बराकी आणि कुंपणे आली होती, तरी गावांची वस्ती, शेती आणि पवनेच्या काठचा व्यवहार फारसा बदललेला नव्हता. १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या वधाने देशभर पोहोचलेले चापेकर बंधूंचे चिंचवड आणि १९५० चे चिंचवड यांत वास्तूंच्या दृष्टीने विशेष अंतर पडले नव्हते.

ते अंतर पाडले पेनिसिलिनने. दुसऱ्या महायुद्धात या औषधाचे सामर्थ्य सिद्ध झाले होते, परंतु भारताला ते आयात करावे लागे. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने देशातच ते तयार करण्याचा निर्णय झाला आणि त्यासाठी पिंपरीची जागा निवडली गेली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातील ही देशातील पहिली औषध कंपनी ठरली. जागेच्या सोयी उघड होत्या, कारण मुंबई बंदर लोहमार्गाने व रस्त्याने जोडलेले होते, पवनेचे पाणी जवळ होते आणि पुण्याच्या पाषाण भागात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्येच सुरू झाली होती. ‘एच. ए.’ या दोन अक्षरांनी परिसरात ओळखल्या जाणाऱ्या या कारखान्याने पुढे स्ट्रेप्टोमायसिनही बनवले आणि त्याच्याच प्रयोगशाळेत सापडलेल्या बुरशीनाशक औषधाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन हे नाव मिळाले.

पेनिसिलिनची निर्मिती कशी होते हे थोडक्यात पाहिल्याशिवाय त्याच्या इमारतीचा आकार कळत नाही. पेनिसिलियम नावाची बुरशी पोलादी टाक्यांतील पोषक द्रवात बुडवून वाढवली जाते, त्या टाक्यांत निर्जंतुक हवा अखंड सोडावी लागते, द्रव सतत घुसळावा लागतो आणि तापमान ठरावीक अंशांवर रोखून धरावे लागते. बुरशीने औषध तयार केल्यावर तो द्रव गाळून, विद्रावकांच्या साहाय्याने त्यातून औषध वेगळे काढतात, त्याचे स्फटिक करतात आणि शेवटी संपूर्ण निर्जंतुक खोल्यांत ते लहान बाटल्यांत भरले जाते. म्हणून अशा कारखान्यात टाक्यांसाठी उंच दालन लागते, हवा दाबणाऱ्या यंत्रांसाठी आणि बाष्पकांसाठी स्वतंत्र इमारती लागतात आणि बाटल्या भरण्याच्या खोल्यांत धूळ बसेल असा एकही कंगोरा, कोनाडा किंवा नक्षी चालत नाही. भिंत आणि जमीन यांचा कोपरासुद्धा गोलाई देऊन घ्यावा लागतो, म्हणजे तो पुसता येतो. युरोपात आधुनिकतावादाचे पुरस्कर्ते अलंकरणाचा त्याग हे एक तत्त्व म्हणून मांडत होते. पिंपरीत ती तत्त्वचर्चा न होताच अलंकरण गळाले, कारण जंतूंना त्यात आसरा मिळतो.

येथे एक मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे. आधुनिकतावादी स्थापत्य कारखान्यात नंतर शिरले असे नसून त्याचा जन्मच बऱ्याच अंशी कारखान्यात झाला. पीटर बेरेन्स यांचे बर्लिनमधील टर्बाइन दालन १९०९ चे आहे. वॉल्टर ग्रोपियस आणि अडॉल्फ मायर यांनी अल्फेल्ड येथे फागुस या बुटांचे साचे करणाऱ्या कंपनीसाठी १९११ मध्ये ज्या इमारतीचे काम हाती घेतले तिच्या कोपऱ्यांवर खांबाऐवजी काच वळवली होती, आणि त्याच इमारतीचा २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. या विचारधारेचा महाराष्ट्राशी सरळ धागाही आहे. सिंधुदुर्गातील आचरे गावी जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. कला संस्थेत शिकून १९४५ मध्ये अमेरिकेस गेले, हार्वर्डमध्ये ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले आणि परत आल्यावर देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या इमारतींची जबाबदारी त्यांच्याकडे आली. प्रयोगशाळा आणि कारखाना हेच नव्या राष्ट्राचे सार्वजनिक स्थापत्य होईल अशी त्या पिढीची धारणा होती आणि पिंपरीचा पट्टा त्या धारणेचे महाराष्ट्रातील सर्वांत विस्तीर्ण क्षेत्र ठरला. चंदीगडवर जितके लिहिले गेले त्याचा दशांशही या पट्ट्यावर लिहिला गेला नाही, याचे एक कारण असे की येथल्या शेडींमागे एखादे मोठे नाव उभे नाही.

एच. ए. हा सरकारी कारखाना होता. खाजगी कारखान्यांची रांग लागली ती १९६० नंतर. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर मुंबईतील गर्दी कमी करून उद्योग बाहेर नेण्याचे धोरण आखले गेले आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे बोलण्यातली एमआयडीसी, अस्तित्वात आले. शेतजमीन संपादन करायची, तिच्यावर रस्ते, पाणी आणि वीज आणायची, भूखंड पाडायचे आणि ते ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्योजकांना द्यायचे ही या महामंडळाची पद्धत होय. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर असल्यामुळे येथे तिची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरील कर, लागत नसे आणि हेही उद्योगांना आकर्षण होते. पुढे पिंपरी-चिंचवडची स्वतःची महापालिका झाल्यावर तिची श्रीमंती प्रामुख्याने याच जकातीवर उभी राहिली आणि २०१३ मध्ये स्थानिक संस्था कर येईपर्यंत टिकली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल.

आकुर्डीत बजाज ऑटोने १९६० च्या सुमारास इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटरचे उत्पादन सुरू केले. तो करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली. टेल्को, म्हणजे टाटांची मोटार बनवणारी कंपनी, १९६६ मध्ये जमशेदपूरनंतरचा आपला दुसरा तळ पिंपरी-चिंचवडमध्ये उभारू लागली आणि त्या कामामागे सुमंत मुळगावकर होते. उजाड माळावर आधी झाडे लावावीत, तळे करावे आणि मग यंत्रे आणावीत असा त्यांचा आग्रह होता, आणि त्या आवारातील तळ्यावर पुढे पक्षी येऊ लागले. एसकेएफ, सँडविक यांसारख्या परदेशी कंपन्यांनीही चिंचवड आणि दापोडीच्या परिसरात याच दशकात बस्तान बसवले. साठच्या दशकातच कोयना जलविद्युत प्रकल्पाची वीज उपलब्ध होऊ लागली होती, ही उद्योगांना आणखी एक सोय होती.

या कारखान्यांची रचना बहुधा एकाच सूत्रावर बेतलेली असे. रस्त्याच्या बाजूला कुंपण, गेट आणि टाइम ऑफिस, त्यामागे हिरवळ, हिरवळीमागे एक-दोन मजल्यांची लांबट प्रशासकीय इमारत आणि तिच्याही मागे शेड. प्रशासकीय इमारत सपाट छपराची, आडव्या खिडक्यांच्या पट्ट्यांची असे. दक्षिण-पश्चिमेचे ऊन अडवण्यासाठी तिला काँक्रीटच्या उभ्या पात्या किंवा जाळ्या लावलेल्या असत आणि दारावर मोटारीला थांबता येईल असा पातळ, पुढे झेपावणारा पोर्च असे. आत शहाबादी फरशी किंवा मोझॅक, जिन्याला लाकडी कठडा. मुंबईच्या विमा कंपनीची इमारत रस्त्याला जे सांगत होती ते ही इमारत हिरवळीला सांगत होती, कारण तिच्यासमोर दुसरे कोणी नव्हते.

स्थापत्यदृष्ट्या अधिक मोलाची वास्तू मागची शेड होय. वाड्याच्या खणाला सागाच्या तुळईने मर्यादा घातली होती. शेडमध्ये ती मर्यादा पोलादी कैचीने आणि काँक्रीटने उठवली आणि खांबांमधले अंतर आता यंत्रांच्या रांगेवर व माथ्यावरून सरकणाऱ्या क्रेनच्या रुळांवर ठरू लागले. खांबांच्या दोन रांगांमधल्या या लांबट गाळ्याला कामगारांच्या भाषेत ‘बे’ म्हणतात. बेला बे जोडत शेड हवी तितकी वाढवता येते, जसा वाडा चौकाला चौक जोडून वाढत असे, आणि या एका बाबतीत दोन्ही वास्तू एकाच कुळातल्या ठरतात. उजेडाचे मात्र तसे नाही. चौकाऐवजी शेडला करवतीच्या दातांसारखे छप्पर असते. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली असते, तर उतरती बाजू पत्र्याची किंवा सिमेंटच्या पन्हळी पत्र्याची असून दक्षिणेकडे पाठ करते. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, सावल्या तीव्र पडत नाहीत आणि लेथवर काम करणाऱ्याच्या डोळ्यावर ऊन येत नाही, हा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब मुळात इंग्लंडसारख्या उत्तरेकडील देशांत बसवलेला आहे. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य येथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि त्या काळात उत्तरेची काचही उन्हाला सामोरी जाते. सुदैवाने त्यातला मोठा भाग पावसाळी ढगांचा असतो, पण मेच्या उत्तरार्धातल्या दुपारी शेडमध्ये जी काहिली होते तिचे एक मूळ या उसन्या भूमितीत आहे. काचेवर छज्जा काढणे, काच रंगवणे असे उपाय त्यावर योजले जातात. सपाट काँक्रीट छपरांचीही अशीच परीक्षा झाली. माळवदाची परंपरा पूर्वेकडील कोरड्या मुलखातली. पवनेच्या खोऱ्यात मावळचा पाऊस चार महिने सपाट स्लॅबवर उभा राहू लागला तेव्हा गळती अटळ होती. विटांचे तुकडे सिमेंटात बसवून, उतार देऊन, वरून घोटून केलेला ब्रिकबॅट कोबा हा त्यावरचा देशी उतारा गवंड्यांनी सरावाचा केला, आणि आधुनिकतावादाच्या सपाट छपराला महाराष्ट्रात जगवण्याचे श्रेय वास्तुविशारदांइतकेच या कोबा करणाऱ्यांना द्यावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. या शेडींनी वाड्याचे काय केले? कारखान्यांची कुंपणे गावठाणांच्या, म्हणजे गावाच्या मूळ वस्तीच्या, बाहेर पडल्यामुळे कारखान्यासाठी जुनी वस्ती उठवावी लागली नाही. संपादन झाले ते शेतांचे. पण मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, कोकण येथून आलेल्या कामगारांना निवारा हवा होता आणि कंपन्यांच्या कॉलन्या सर्वांना पुरणाऱ्या नव्हत्या. एच. ए. ने कारखान्यालगत वसाहत, शाळा आणि मैदान उभारले. बजाजच्या आकुर्डीतील आवारात राहुल बजाज स्वतःही अनेक वर्षे राहिले. उरलेल्या बहुसंख्य कामगारांनी चिंचवड, भोसरी, आकुर्डी, पिंपरी या गावठाणांत खोल्या शोधल्या. मग गावठाणातल्या घरांच्या ओसरीला भिंत घातली गेली, सोप्याच्या खोल्या झाल्या, चौकात नळ आणि मोरी आली, माडीवर पत्रा चढला. ज्या शेतकऱ्याची जमीन गेली त्याला खोल्यांचे भाडे हे नवे पीक मिळाले. खणांची मोजणी तेव्हा संपली, कारण भाडे खणावर नव्हे, खोलीवर मिळते. मुंबईत नव्या इमारतीने जुन्या इमारतीची बरोबरी केली. येथे नव्या इमारतीने जुन्या घराला आतून कापले, आणि तेही कोणी हातोडा न उगारता, दोन्ही पक्षांच्या संमतीने. देवस्थानाचे असल्यामुळे मंगलमूर्ती वाडा आणि समाधीमंदिर या कापणीतून वाचले. ज्यांना देवाचे छत्र नव्हते त्या साध्या घरांची अवस्था गावठाणात फिरताना आजही ताडता येते.

नियोजनाने ही गती ओळखली होती. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ मध्ये मुंबई आणि पुणे परिसरांसाठी प्रादेशिक नियोजनाची दिशा सुचवली आणि त्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली, तिचे संस्थापक म्हणून अण्णासाहेब मगर ओळखले जातात. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले आणि निगडीच्या बाजूला आखीव पेठा पडल्या. लोकांच्या तोंडी आजही तो भाग नुसता ‘प्राधिकरण’ आहे, जरी ते प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झाले. १९८२ मध्ये महापालिका झाली, १९९७ मध्ये भोवतालची गावे तिच्यात आली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर गेली. साठच्या दशकात जेथे कारखान्याच्या हिरवळीसमोर कोणी नव्हते तेथे आता चहूकडे शहर होते.

नवे कारखाने तोवर इंद्रायणीपलीकडे, चाकणला निघाले होते. बजाजने १९९९ च्या सुमारास तेथे प्रकल्प उभारला. टेल्कोच्या पिंपरीतील आवारात १९९५ पासून मोटारी जोडणारी मर्सिडीज-बेंझ आणि जर्मनीचीच फोक्सवॅगन यांचे चाकणचे कारखाने २००९ मध्ये सुरू झाले, पाठोपाठ महिंद्राही आली. १६६० मध्ये शाइस्तेखानाच्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्याने सुमारे दोन महिने झुंजवले तो संग्रामदुर्ग याच गावात असून त्याच्या तटाचे अवशेष आजच्या वस्तीत उभे आहेत. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाभोवतीची शेड मात्र पिंपरीच्या शेडपेक्षा निराळ्या जातीची आहे. तिचे सुटे भाग दुसरीकडे कापून, भोके पाडून, रंगवून आणलेले असतात आणि जागेवर केवळ बोल्टने जोडले जातात. भिंतही पत्र्याची, छप्परही पत्र्याचे, उजेड विजेचा. ती काही महिन्यांत उभी राहते आणि तितक्याच सहज उतरवता येते. तिच्यात वाईट काही नाही, पण तिला बांधकामाऐवजी जुळणी म्हणणे अधिक योग्य. तिच्या तुलनेत पिंपरी-आकुर्डीची साठच्या दशकातील वीट, काँक्रीट आणि काचेची शेड ही गवंडी, सुतार, सळई बांधणारे आणि फॅब्रिकेटर यांनी जागेवर घडवलेली शेवटची मोठी औद्योगिक वास्तू ठरते.

म्हणजे एकेकाळची आधुनिक इमारतच आता या शहरातले जुने स्थापत्य झाली आहे आणि तिच्याभोवती काचेचे मनोरे, मॉल, गृहसंकुले यांची नवी रांग लागली आहे. २०२२ मध्ये सुरू झालेली मेट्रो तिच्या कुंपणांवरून जाते. औद्योगिक वापराची जमीन निवासी वापरात आणण्याचे आर्थिक आकर्षण इतके मोठे आहे की शेडचे आयुष्य तिच्या काँक्रीटवर अवलंबून राहिलेले नाही. एच. ए. ची गणना १९९७ मध्ये आजारी उद्योगांत झाली आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला. आकुर्डीत बजाजने २००७ मध्ये उत्पादन थांबवले. पुढे तेथेच जून २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या चेतकसाठी सुमारे ३०० कोटी रुपये खर्चाचा नवा कारखाना सुरू झाला. जागा आणि नाव टिकले, याचा अर्थ वास्तू टिकेल असा घेता येत नाही. तरीही औद्योगिक आवाराला औद्योगिक वापरच पुन्हा मिळाल्याचे हे उदाहरण या पट्ट्यात दुर्मिळ आहे.

पिंपरी-चिंचवडचा वारसा म्हटला की समाधीमंदिर, मंगलमूर्ती वाडा आणि चापेकरांचा वाडा यांची नावे येतात आणि ती यायलाच हवीत. त्या यादीत एच. ए. चे उत्पादन दालन, कॉलनी आणि एखादी करवती छपराची शेड यांची भर पडणे हे इतिहासाच्या दृष्टीने न्याय्य आहे, कारण या शहराचा जन्मदाखला त्यांच्यावर लिहिलेला आहे. सर्व शेडी जपणे शक्य नाही आणि तसे मागणेही वाजवी नाही. मात्र कंपन्यांच्या नकाशाघरांत आणि एमआयडीसीच्या दप्तरात पडून असलेले मूळ बांधकाम-नकाशे रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची नक्कल व सूची करून घेणे, जमीन विक्रीला निघण्याआधी प्रत्येक जुन्या शेडची मोजणी आणि छायाचित्रण सक्तीचे करणे आणि त्या शेडींत काम केलेल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या कामगारांच्या माहितीची नोंद करणे या तीन गोष्टी महापालिका, महामंडळ आणि पुण्यातील वास्तुकला महाविद्यालये मिळून करू शकतात, आणि त्या या दशकातच व्हायला हव्यात.